कुंडीतली जास्वंद आणि मुळ्यांचा इतिहास



भीमेच्या काठी, शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या शिवेवर शेती करणाऱ्या वडगाव रासाईच्या माणसाला ऊस कसा लावावा, कांद्याचे रोप किती दिवसांचे घ्यावे, हे कोणी शिकवायला नको. पण तोच माणूस अंगणातल्या कुंडीकडे शेतकऱ्याच्या नजरेने बघत नाही. कुंडी म्हणजे बायकांचे काम, नाहीतर पोरांचा नाद, असे म्हणून तो पुढे जातो. या पत्रकात आज त्या कुंडीकडे जरा थांबून बघायचे आहे.

घरे पक्की झाली. अंगणात कोबा आला, फरशी आली. परसातल्या जमिनीत उभी असलेली जास्वंद कुंडीत आली. पहिल्या वर्षी ती रोज चार-पाच फुले देते आणि देवपूजेची सोय होते. दुसरे वर्षही बरे जाते. तिसऱ्या वर्षी पाने पिवळी पडू लागतात, कळ्या उमलण्याआधीच गळतात, सकाळी घातलेले पाणी दुपारपर्यंत संपून झाड माना टाकते. मग आपण चिमूटभर युरिया टाकतो. पाणी वाढवतो. तरीही जमले नाही की झाडाला नजर लागली म्हणून मोकळे होतो.

दोष नजरेचा नाही आणि बहुतेक वेळा खताचाही नाही. कुंडी आडवी करून झाड अलगद बाहेर काढा आणि बघा. माती दिसणारच नाही. दिसेल तो कुंडीच्या आकाराचा मुळ्यांचा गुंडा. जमिनीतल्या मुळीला मोकळे रान असते. कुंडीतल्या मुळीला पाच-सहा इंचांवर भिंत लागते. तिथून ती वळते, पुन्हा भिंत लागते, पुन्हा वळते, आणि घाण्याच्या बैलासारखी एकाच जागी फिरत राहते. तिकडे शेणखत कुजून संपलेले असते, बारीक माती पाण्याबरोबर तळाच्या भोकातून निघून गेलेली असते, उरलेली दाबून घट्ट झालेली असते. अशा झाडाला वरून कितीही खत घातले तरी ते घेणार कोण? अन्न-पाणी घेतात त्या कोवळ्या, बारीक मुळ्या. त्यांना फुटायला जागाच राहिलेली नसते.

म्हणून कुंडी बदलायची. ही गोष्ट माणसाला एका दिवसात कळली नाही. तिला हजारो वर्षे लागली, आणि त्यात राजे, वैद्य, कुंभार, माळी, शास्त्रज्ञ अशा सगळ्यांचा हात लागला. तो इतिहास समजला की कुंडी बदलताना आपण काय करतो आणि का करतो, हे आपोआप कळते.

मुळीसकट झाड हलवायची विद्या

इजिप्त देशात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी हॅटशेप्सूट नावाची राणी राज्य करीत होती. तिने दूरच्या पुंट देशाकडे जहाजे पाठवली आणि तिथून सुगंधी डिंकाची जिवंत झाडे आणवली. देर अल-बहरी येथील तिच्या मंदिराच्या भिंतीवर हा प्रसंग कोरलेला आहे. त्यात माणसे झाडे वाहून नेत आहेत आणि प्रत्येक झाडाचे बूड टोपलीत आहे. म्हणजे झाड हलवायचे तर मुळ्या मातीसकट उचलायच्या, हे त्या काळच्या माणसाला पक्के ठाऊक होते.

आपल्याकडे उज्जैनच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहिता लिहिली. तो ज्योतिषी म्हणून आपल्याला माहीत असतो, पण त्या ग्रंथात वृक्षायुर्वेदाचा एक अख्खा अध्याय आहे. झाड एका जागेवरून दुसऱ्या जागी कधी न्यावे, हे तो ऋतूप्रमाणे सांगतो. ज्याला अजून फांद्या फुटल्या नाहीत ते शिशिरात, फांद्या फुटलेले हेमंतात आणि चांगले खोड धरलेले पावसाळा लागताना. हलवण्याआधी झाडाला तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप द्यावा, असेही तो म्हणतो. आज तुपा-मधाचा खर्च करायची गरज नाही. पण रोप लावण्याआधी मुळ्या शेणकाल्यात बुडवायची रीत आपल्या खेड्यांतून अजून आहे.

त्याच अध्यायात आणखी एक मोलाची गोष्ट आहे. दोन झाडांत वीस हात अंतर ठेवले तर उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हात कनिष्ठ. कारण काय दिले आहे, तर झाडे एकमेकांना भिडली, त्यांच्या मुळ्या एकमेकांत गुंतल्या, की ती पीडली जातात आणि नीट फळत नाहीत. बघा, चौदाशे वर्षांहून अधिक काळापूर्वीचा हा माणूस झाडाच्या दुखण्याचे कारण मुळीत शोधतो आहे. कुंडीत तर झाडाची मुळी आपल्याच दुसऱ्या मुळीत गुंतते. पीडा तीच.

जास्वंद कुठली?

जास्वंद इतकी आपली झाली आहे की ती बाहेरून आली असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. गणपतीला लाल फूल म्हटले की जास्वंद. पण ही झुडूपवजा, बारा महिने हिरवी राहणारी फुलझाड जात रानात आपोआप उगवलेली खात्रीने सापडत नाही. जिथे माणसाची वस्ती, तिथे ती. बागेतल्या जास्वंदीला बी फारसे धरत नाही. फांदीचा तुकडा लावायचा आणि नवे झाड करायचे, असाच तिचा वंश चालतो. म्हणजे तुमच्या दारातली जास्वंद हाताहातातून, घराघरातून, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात असा प्रवास करीत आली आहे.

या प्रवासाचा एक जुना लेखी पुरावा आहे. सतराव्या शतकात कोचीनला डचांचा गव्हर्नर होता, व्हान ऱ्हेडे त्याचे नाव. त्याने मलबारच्या वनस्पतींवर चित्रांसह मोठा ग्रंथ करवून घेतला. 'हॉर्टस मलबारिकस' या नावाने त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले. त्यात जास्वंद आहे. या कामाला केरळचे वैद्य इट्टी अच्युतन यांनी माहिती दिली, आणि रंगभट, विनायक पंडित व अपुभट या तीन कोकणी वैद्यांनीही मदत केली. या तिघांनी १६७५ साली दिलेला कोकणी भाषेतला दाखला नागरी अक्षरांत पहिल्या खंडात छापलेला आहे. पुढे १७५३ साली स्वीडनच्या लिनियसने जास्वंदीला शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थ होतो 'चीनचा गुलाब'. नाव चीनचे, चित्र मलबारचे, आणि फूल आपल्या गणपतीच्या पायाशी.

वृंदावन आणि कुंभाराची कुंडी

आपल्या अंगणातले सर्वांत जुने कुंडीतले झाड कोणते? तुळस. वृंदावन ही एक उंच कुंडीच आहे. पण जुन्या वृंदावनाची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दगड-विटांचे ते बांधकाम आतून पोकळ असे आणि त्यातली माती पुष्कळदा खालच्या जमिनीला मिळालेली असे. जादा पाणी जमिनीत जिरे आणि तुळशीची मुळीही खाली उतरे. आज बाजारातून तयार वृंदावन आणले, ते फरशीवर ठेवले, तळाला भोक आहे की नाही ते पाहिले नाही, तर पहिल्या पावसाळ्यातच तुळस सडते. मग घरातली म्हातारी माणसे अपशकुन म्हणतात. अपशकुन कसला? पाणी जायला वाट नाही, एवढेच.

कुंभाराने चाकावर केलेली, भट्टीत भाजलेली कुंडी ही मोठ्या अकलेची वस्तू आहे. माठातले पाणी गार का होते? माठाच्या अंगातून पाणी झिरपते आणि वाऱ्याने उडते. मातीच्या कुंडीचेही तसेच. तिच्या अंगातून ओल बाहेर जाते, हवा आत येते आणि वैशाखातही मुळी भाजत नाही. पाणी थोडे जास्त लागते आणि कुंडी फुटते, हे तिचे दोन दोष. पण कुंडी फुटली म्हणजे झाड नव्या कुंडीत गेलेच. जुन्या काळी पुष्कळ झाडांची कुंडी अशी आपोआप बदलली जात असे.

काचेच्या पेटीतून सातासमुद्रापार

एकोणिसाव्या शतकात जहाजांतून झाडांची मोठी ने-आण सुरू झाली. पण खारे वारे, ऊन आणि गोड्या पाण्याची टंचाई यांनी बहुतेक झाडे वाटेतच मरत. १८२९ च्या सुमारास लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरने पाहिले, की झाकण घातलेल्या काचेच्या बाटलीतल्या ओल्या मातीत नेचाचे रोप आपोआप उगवले आणि पाणी न घालता वाढत राहिले. बाटलीतली वाफ वर जाई, थेंब होऊन पुन्हा मातीत पडे. त्याने तशा मोठ्या पेट्या केल्या. १८३३ साली त्यांतून पाठवलेली रोपे ऑस्ट्रेलियात सिडनीला जिवंत पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून याने १८४८ ते १८५१ या काळात चीनमधून चहाची हजारो रोपे अशाच पेट्यांतून हिंदुस्थानात आणली. चहा हेसुद्धा सदा हिरवे राहणारे आणि फुलणारे झुडूपच आहे. आज तुम्ही सकाळी जो कप तोंडाला लावता, त्याच्या मागे मातीने भरलेली एक पेटी आहे.

या सगळ्याचा आपल्या पुणे जिल्ह्याशीही संबंध आहे. पुण्याजवळ दापोडीला पवना नदीच्या काठी १८२८ साली सरकारी वनस्पती बाग सुरू झाली. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिचे अधीक्षक होते. जुन्नरजवळ हिवरे येथेही त्यांच्या देखरेखीखाली औषधी वनस्पतींची बाग होती. बाहेरून आलेली झाडे इथल्या हवेत तगतात का हे पाहायचे, आणि तगली तर रोपे वाटायची, हे अशा बागांचे काम. हेच गिब्सन १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. दापोडीच्या बागेतील झाडांची १८४७ ते १८५० या काळात काढलेली सुंदर चित्रे आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. ती काढणाऱ्या चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. दापोडीची बाग आता नाही. पण तिच्या कडेने वाहणारी पवना मुळेला मिळते, मुळा मुठेला मिळते, आणि मुळा-मुठेचे पाणी आपल्याच भागात रांजणगाव सांडसजवळ भीमेत येते.

दापोडीनंतर १८७३ साली गणेशखिंडीत वनस्पती बाग उभी राहिली. तिथले अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातील बागकामावर पुस्तक लिहिले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. गणेशखिंडीची ही बाग आजही आहे, आणि २०२० साली महाराष्ट्र शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. पुण्यातली एम्प्रेस गार्डनही त्याच जमान्याची. अशा बागांतून पुण्याच्या माळ्यांच्या हाती कुंडीची विद्या आली. आज उरुळी कांचन, सोरतापवाडी या पट्ट्यात ज्या रोपवाटिका दिसतात, त्यांच्या मागे अशा अनेक हातांची परंपरा आहे.

मातीचे मिश्रण, एक उघड झालेले गुपित

कुंडीतली माती कशी असावी, हे जुने माळी गुपित म्हणून जपत. विलायतेतही तसेच होते. गुलाबाला एक मिश्रण, दुसऱ्या फुलाला दुसरे, आणि कोणाला सांगायचे नाही. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील जॉन इनेस संस्थेत लॉरेन्स आणि नेवेल या दोघांनी पुष्कळ प्रयोग केले. त्यांच्या लक्षात आले की प्रत्येक झाडाला वेगळी माती लागत नाही. एकच चांगले मिश्रण बहुतेक झाडांना चालते. त्यांनी ते उघड करून टाकले. सात भाग पोयटा माती, तीन भाग पीट आणि दोन भाग जाड वाळू. वर थोडे खत. माती वाफेने तापवून रोगमुक्त करायची. पीट म्हणजे थंड देशातल्या दलदलीत साचलेले, अर्धवट कुजलेले शेवाळ. ते आपल्याकडे नाही, आणि नसले तरी अडत नाही. त्याचे काम शेणखत, पाचटाचे कंपोस्ट किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा करतो.

यातून आपण घ्यायचे ते इतकेच, की कुंडीतली माती म्हणजे शेतातली माती नव्हे. भीमाकाठची काळी माती उसाला सोन्यासारखी आहे. पण तीच नुसती कुंडीत भरली तर ओली असताना चिकट गोळा होते आणि वाळली की आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. बाईमाणसाला वाटते, पाणी तर रोज घातले!

डबा, पिशवी आणि प्लॅस्टिक

१९३७ साली डालडा तूप बाजारात आले आणि त्याचे रिकामे पत्र्याचे डबे घरोघर झाले. तळाला खिळ्याने भोके पाडली की तुळस, मोगरा, जास्वंद यांची सोय होई. डबा उन्हात तापे, तीन-चार वर्षांत गंजून जाई. गंजला की झाड नव्या डब्यात. तोही एक प्रकारे कुंडी बदलण्याचा इशाराच होता.

१९३३ साली इंग्लंडमध्ये एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पॉलिथिन जवळजवळ योगायोगाने सापडले. पुढे त्याच्या काळ्या पिशव्यांनी रोपवाटिकेचे रूपच पालटले. हलकी, स्वस्त, न फुटणारी. गाडीत शेकडो रोपे बसतात. पण गुळगुळीत पिशवीत मुळी गोल गोल फिरते आणि तळाशी वेटोळे करते. मातीची कुंडी फुटायची, डबा गंजायचा. पिशवी आणि प्लॅस्टिकची कुंडी मात्र वर्षानुवर्षे टिकते, आणि झाडाला कोंडून ठेवते. वस्तू टिकाऊ झाली म्हणून बदलायची आठवण देणारे कोणी उरले नाही. ती आठवण आता आपणच ठेवायची आहे.

हा प्रश्न फुलझाडापुरता नाही, बरं का. आंबा, चिंच, डाळिंब, नारिंग, कशाचेही रोप पिशवीतून आणाल तेव्हा मुळ्या बघा. वेटोळे झालेले रोप तसेच खड्ड्यात लावले तर मुळी सरळ होत नाही. ती त्याच वेटोळ्यात जाड होते. झाड चार-पाच वर्षे बरे दिसते आणि मग वाऱ्याने कलते, नाहीतर आपल्याच मुळीने आवळले जाते. रोपाचे पैसे थोडे असतात, पण गेलेली पाच वर्षे परत येत नाहीत. ट्रेमधील उसाच्या रोपांचा अनुभव तर तुम्हाला आहेच. वेळेत लावलेले रोप चटकन जमीन धरते. ट्रेमध्ये फार दिवस राहिलेल्या रोपाच्या मुळ्यांची जाळी होते आणि ते मागे पडते.

खापऱ्यांचा थर

कुंडीच्या तळाला तीन-चार इंच खापऱ्या, खडी घालावी म्हणजे पाणी निचरते, असे आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो. शास्त्र काय सांगते ते बघू. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. वरची माती शिवेपाशी पुरती भिजून चिंब झाली, की मगच ते खाली सुटते. अमेरिकेत वॉल्टर गार्डनर यांनी १९५९ साली मातीतून पाणी कसे जाते याचा एक चित्रपट करून ही गोष्ट डोळ्यांना दाखवली. म्हणजे खापऱ्यांच्या जाड थरावर भिस्त ठेवून चालत नाही, आणि मुळीची तेवढी जागा मात्र जाते.

घरी एक सोपा प्रयोग करा. भांडी घासायचा चौकोनी स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. पाणी गळायचे थांबू द्या. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळेल! स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. पसरट कुंडीपेक्षा खोल कुंडीचा वरचा भाग लवकर हवेशीर होतो, तो असा. म्हणून भोकावर माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती एखादी वाकडी खापरी ठेवा, आणि निचऱ्यासाठी मातीच भुसभुशीत करा.

कुंडी बदलण्याची रीत

केव्हा? आपल्या भागात पावसाळा लागल्यावर, जून-जुलैत, हा सर्वांत सोयीचा काळ. दुसरा काळ थंडी सरताना, फेब्रुवारीत. भर उन्हाळ्यात आणि कडक थंडीत झाडाला हात लावू नका. जास्वंदीला दर दोन वर्षांनी कुंडी बदलून द्यावी. तळाच्या भोकातून मुळ्या बाहेर डोकावत असतील तर तेवढीही वाट बघू नये.

कुंडी केवढी? आहे तिच्यापेक्षा दोन इंच मोठी. दहा इंची असेल तर बारा इंची. एकदम मोठी कुंडी घेऊ नका. मुळी पोचत नाही तिथली माती ओली राहून आंबते. मोठी कुंडी ठेवायला जागा नसेल तर जुनीच धुऊन वापरा, मात्र मुळ्या छाटून घ्या. नवी सिमेंटची कुंडी असेल तर आठवडाभर पाण्याने भरून ठेवा आणि पाणी दोन-तीनदा बदला, म्हणजे तिच्यातला चुना उतरतो.

मिश्रण काय? दोन घमेली चांगली पोयटा माती किंवा मळईची माती, एक घमेले पुरते कुजलेले शेणखत किंवा पाचटाचे कंपोस्ट, आणि एक घमेले जाड वाळू किंवा विटांचा चुरा. वर मूठभर निंबोळी पेंड. ताजे शेण कधीही घालू नका, ते कुजताना तापते आणि मुळी जाळते.

आता काम असे करा.

१) आदल्या दिवशी झाडाला पोटभर पाणी द्या. कोरडा गड्डा बाहेर काढताना तुटतो.

२) कुंडी आडवी करून कडेने थोपटा. खोड धरून ओढू नका. पिशवी असेल तर ब्लेडने उभी कापा.

३) गड्ड्याच्या बाहेरचा इंचभर थर धारदार सुरीने तासून काढा. तळाचे वेटोळे कापून टाका. कडेला तीन-चार ठिकाणी उभ्या चिरा द्या. घाबरू नका, कापलेल्या मुळीच्या मागे नव्या बारीक मुळ्या फुटतात. काळ्या, मऊ, वास येणाऱ्या मुळ्या पुरत्या काढून टाका.

४) मुळ्यांत पांढरी, कापसासारखी कीड दिसते का ते बघा. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण फार येतो. त्यातल्याच एका परदेशी जातीने २००८ साली कोइमतूरकडे आणि नंतर आपल्या भागातही पपईचे मोठे नुकसान केले होते. अंगणातली कीड शेतात जायला वेळ लागत नाही. कीड असेल तर जुनी माती पुरती झटका, मुळ्या धुऊन घ्या आणि ती माती शेताच्या कडेला टाकू नका.

५) नव्या कुंडीत थोडे मिश्रण घालून झाड पहिल्याइतक्याच खोलीवर बसवा. खोड जास्त गाडू नका. कडेने मिश्रण भरून हाताने बेताने दाबा. वर दीड इंच जागा पाण्यासाठी मोकळी ठेवा.

६) जेवढी मुळी कमी केली त्या मानाने शेंडेही कमी करा. साधारण तिसरा हिस्सा फांद्या छाटा. छाटलेल्या फांद्या वीतभर लांबीच्या कापून ओल्या वाळूत लावा, नवी रोपे होतील.

७) तळातून पाणी निघेपर्यंत पाणी द्या आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. नवी पालवी दिसली की उन्हात आणा. महिनाभर वरखत देऊ नका.

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी खारट असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. क्षारपड जमीन आपल्याला नवी नाही. कुंडीतही तेच घडते. पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवा, क्षार आपोआप धुऊन जातील. तळाला ताटली असेल तर तिच्यात पाणी साचू देऊ नका.

शेवटी थोडेसे

१९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला. मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत लोक रेडिओभोवती एकत्र बसत, कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत आणि पटले ते करून बघत. नुसत्या ऐकण्यापेक्षा एकत्र बसून बोललेले जास्त कामी येते, हे त्या प्रयोगातून दिसले. या पत्रकाचेही तसेच करा. घरातल्या मंडळींना वाचून दाखवा. येत्या पावसाळ्यात गल्लीतल्या दोन-तीन घरच्या कुंड्या एकत्र आणा, त्या सगळ्यांदेखत उपड्या करा आणि पोरांना मुळ्या दाखवा. आंब्याचे किंवा डाळिंबाचे रोप विकत घेताना पिशवीच्या आत काय बघायचे, हे त्या पोरांना जन्मभर सांगावे लागणार नाही.

लक्षात ठेवा: पान पिवळे दिसले की आधी मूळ बघा. खताचा हात नंतर.